रेघ आमच्या अंगणातून

उस्मानाबाद, ७ जाने. ६४
विमानातून काढलेले गावाचे फोटो आले हाफिसात. त्यावरून नवा नकाशा करायचा. घरं, बाजार, रस्ते कुठं ते ठरायचंय. मी ट्रेसर, गिरवायचं काम माझं. साहेबांनी दोन फोटो शेजारी मांडले, वर दुहेरी भिंग. आधी नुसतं धुरकट. मग गाव एकदम वर उठलं. दर्ग्याचा घुमट, गच्च्या, झाडं. हात लावावासा वाटला.

८ जाने.
आमची गल्ली सापडली. अंगणातला कडुलिंब. फोटो गेल्या हिवाळ्यातले, म्हणजे वडील, आप्पा, तेव्हा होते. बाजेवर पडलेले असणार झाडाखाली. दिसत नाहीत. सावली तेवढी दिसते.
आई भाकरी थापताना म्हणाली, "वरून आपण केवढे दिसतो गं?"
"दिसतच न्हाय."
"बरंय मग."

११ जाने.
झोपेत तरंगत होते. खाली गच्च्यांवर मिरच्या वाळत घातलेल्या, आवाज कसलाच नाही. सकाळी जमिनीवर पाय टेकले तरी अर्धी मी वरच…

१५ जाने.
स्टँडच्या नव्या रस्त्याची रेघ आमच्या अंगणातून गेली. झाड जातं, निम्मं स्वयंपाकघर जातं. दुपारी धीर करून साहेबांना सांगितलं. माणूस बरा. दुसरी रेघ मारली, जरा उत्तरेला. "इथं मधे एकच घर येतंय. कुणाचं?"
"खातूनबीचं. शेजारीण."
"दोन्ही रेघा चालतील. सोमवारी एकीवर शाई करू."

१७ जाने.
खातूनबी शेवया घेऊन आली. आप्पांच्या दुखण्यात हीच उशाशी बसायची.
"फोटोत माझं घर बी आलंय म्हणं?"
"व्हय. पांढरंशुभ्र."
"गेल्या रमजानात चुना दिलता." लई खूश झाली. मी शेवयांची वाटी तशीच झाकून ठेवली.

१९ जाने.
राहवेना. आईला, मग खातूनबीला, दोघींना दोन रेघांचं सांगितलं. खातूनबी म्हणाली, "आधी दाव तरी."

२० जाने., सोम.
साहेबांना विचारून दोघींना हाफिसात नेलं. खातूनबी भिंगावर बराच वेळ वाकून. मग म्हणाली, "माझं घ्या साहेब. मी एकटी. ह्यांचा लिंब राहू द्या."
आई म्हणाली, "न्हाय. ती कुठं जाईल? आमचंच घ्या."
साहेबांनी शाईची बाटली बंद केली.
दोघी सोबतच गेल्या. खिडकीतून बघितलं. टेबलावर नकाशा गिरवायचं कापड पसरलेलं आहे. पेन्सिलीच्या दोन्ही रेघा तशाच.