तीनशे काटक्या आणि एक जुनी चादर

आदरणीय दादांना, त्यांच्या एकुलत्या एका बहिणीच्या एकुलत्या एका नवऱ्याचा नमस्कार.

सासूबाईंच्या हाताचं प्लास्टर निघालं हे ऐकून बरं वाटलं. तुमची कंबर काय म्हणते? वहिनींचा खोकला? आमच्याकडे सगळं क्षेम आहे, आणि हे वाक्य मी महिनाभरात पहिल्यांदाच खरं लिहितो आहे. मधे चार वेळा फोन करून मी ‘हिला आणखी थोडे दिवस ठेवून घ्या’ असं म्हणालो, तेव्हा तुम्ही कारण विचारलं नाहीत, हे तुमचे उपकार. (वहिनींनी विचारलं होतं. फोन आपोआप कट झाला नव्हता, मी केला होता.) आता जीव भांड्यात पडलाय, तेव्हा कारण सांगतो.

आमची नदी तुम्हाला आठवत असेल, नाकाला रुमाल लावून पूल ओलांडला होतात ती. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी दोन वर्षांपूर्वी नदी-समिती काढली आणि सगळ्यांना कामाला जुंपलं. वरच्या टेकडीवर चर खणले, नाल्यांना दगडी बांध घातले, आता पाणी उन्हाळ्यातही वाहतं. समितीच्या तीन तुकड्या आहेत. कचऱ्याला दाताचे डॉक्टर, कारण नको ते उपटून काढण्यात त्यांचा हातखंडा. तण काढायला मी, कारण माझं सलून. (बाई म्हणाल्या, काठाची मान जरा साफ करायची आहे, ते तुम्हालाच जमेल. या वयात आपलं कौतुक कोण करतं? मी भाळलो.) आणि लागवडीला तुमची बहीण.

गेल्या वर्षी तिची सगळी लागवड पुरात वाहून गेली. ती काठावर बसून रडली होती, हे तिनं तुम्हाला सांगितलं नसणार. या वर्षी ती चार मैल वर चालत जाऊन वाळुंजाच्या, म्हणजे मुळांनी काठ धरून ठेवणाऱ्या झाडाच्या, तीनशे फांद्या कापून घेऊन आली. मुळं फुटावीत म्हणून त्या दीड महिना आमच्या घरातल्या आणि सलूनमधल्या झाडून सगळ्या बादल्यांत उभ्या होत्या. गिऱ्हाइकांचे केस मी तांब्यानं धुतले. ‘या खेपेला नाही जगल्या तर मी पुन्हा नदीकडे फिरकणार नाही,’ असं ती म्हणायची, आणि ती बोलते तसं करते, हे आपण दोघंही भोगून आहोत. फांद्या लावून झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाई पडल्याचा फोन आला. निघताना तिनं मला बजावलं, ‘निळी चिंधी बांधलेलं तेवढं सोडा, बाकी खुशाल उपटा.’

शनिवारी डॉक्टरांची तुकडी काठावर गेली आणि एक चिंधी शिल्लक ठेवली नाही. रविवारी मी गेलो. निळं काही दिसेना, तेव्हा हिची लागवड पुढे असणार असं धरून मी दहा माणसांना ‘सगळं उपटा’ असा हुकूम सोडला. पानं गळलेल्या, चिखलानं माखलेल्या त्या काटक्या बादलीत ओळखीच्या होत्या, काठावर अगदी परक्या दिसत होत्या. काही वाया घालवायचं नाही हा बाईंचा नियम, म्हणून तण खड्ड्यात पुरलं आणि काटक्या वळणावरच्या ढासळत्या काठाला टेकवून वर माती लोटली. काठ असा गुळगुळीत झाला की मी स्वतःच लांबून दोनदा बघून आलो.

सोमवारी डॉक्टर दाढीला आले, मोठ्या अभिमानानं पिशवी उघडून म्हणाले, ‘बघा, नुसत्या चिंध्याच तीनशे निघाल्या.’ निळ्या चौकड्यांची चादर, दादा. उरलेली अर्धी आमच्या पलंगावर आहे. वस्तरा माझ्या हातात होता म्हणून डॉक्टर घाबरले, पण मी त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलो होतो. दोघांनी मिळून तोंडाला कुलूप लावायचं ठरवलं, आणि मी तुम्हाला पहिला फोन केला.

मग तीन दिवस पाऊस कोसळला. नदी पायवाटेपर्यंत चढली, आणि दर वर्षी हातभर खचणारं ते वळण या वर्षी तसूभरही हललं नाही. पाणी उतरल्यावर धरणावरचे निवृत्त इंजिनियर काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि विचारलं, ‘वाळुंज इथे दाबायची अक्कल कोणाची?’ (अक्कल हा शब्द माझ्या संदर्भात प्रथमच चांगल्या अर्थानं आला.) चिखलातून हिरवे कोंब वर आले होते. मी तिथेच काठावर बसलो आणि दादा, खरं सांगतो, रडलो. मग मोजले. दोनशे चौदा.

त्यानंतरच मी तुम्हाला ‘आता पाठवा’ म्हणालो. ती आली, काठावर गेली, वाकून एकेक काटकी निरखली. मग म्हणाली, ‘छान लागल्यात.’ सुटलो बुवा.

तुमचा,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. फांद्या पुरापूर्वी वळणावर हलवा, असा सल्ला तुम्ही फोनवर दिलात, असं मी तिला सांगितलं आहे. विचारलं तर हो म्हणा. पत्राचं खरं कारण एवढंच.

दुसरा ता. क. दादा, यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून पाकिटावर पत्ता मी लिहिते, ही गोष्ट हे विसरले. मी फांदीचं खालचं टोक तिरकं कापते. वळणावर निम्मी तिरकी टोकं आभाळाकडे बघताहेत, म्हणजे त्या तण समजून उपटून उलटसुलट टाकल्यात, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. पण हे रोज सकाळी चहाच्या आधी उठून काठावर जातात, एकेक कोंब मोजतात आणि येऊन मला आकडा सांगतात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या आधी कधी उठले नव्हते. तू आपला ‘हो, मीच सांगितलं होतं’ असंच म्हण.