पेटीतलं हिरवं

६ जाने., मंगळ. अंगारकी
उपास. पेटी दुरुस्त होऊन आली. हे रविवार पेठेतून वारज्यापर्यंत रिक्षात मांडीवर धरून घेऊन आले, त्यामुळे दिवसभर गुडघ्यांची कुरकुर ऐकली. दस्तगीरभाईंनी भाता नवा घातलाय, सूर लावलेत. आवाज इतका मोकळा की सारेगम दोनदा वाजवून पाहिलं. भजनी मंडळाची पेटी, पण आम्ही तळमजल्याला म्हणून ठेवायला आमच्याकडे. वर्षभर वाजवतेही मीच. दुसरं कुणी शिकायला तयार नव्हतं.

दु. माईंचा फोन. मंडळ त्यांनी काढलेलं, शब्द त्यांचाच. "आली का? कुणाकुणाचे हात लागलेत. शुद्ध करून घे, मगच देवापुढे ठेव." एरवी त्या स्वतः करायच्या, यंदा कंबर धरलीय. वाटीत गंगाजल, थोडं गोमूत्र, दूर्वा. वरून शिंपडायला घेतलं, मग वाटलं हात तर आत लागलेत. झाकण काढलं. एकेक पट्टी दाबून खालच्या भोकात थेंब जाईल असं शिंपडलं. एकही पट्टी सोडली नाही. करायचं तर नीट.

अभ्यास १५ मि. झोप आली.

९ जाने., शुक्र.
क्लास ३ ते ५. बारावी बाहेरून देतेय, १७ नंबरचा फॉर्म. वर्गात मी सगळ्यांत मोठी, मॅडमपेक्षाही. गायकवाड मॅडमनी समाजशास्त्राला अवांतर म्हणून त्यांच्या घरचं पुस्तक दिलं. अमेरिकेतल्या एका काळ्या बाईच्या आठवणी, मराठीत केलेल्या. आई चर्चमध्ये झाडलोट करायची, ही तिथे बसून ऐकून ऐकून पियानो शिकली. मला चांगलं वाटलं. मीही मोबाईलवर ऐकूनच शिकले.

पुस्तकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं.

हे म्हणाले, "बारावी करून माझ्या जागेवर लागणार का?" म्हटलं, तुम्ही रिटायर होऊन तीन वर्षं झाली, त्यांनी ती जागा भरली नाही अजून. गरज नसेल. मग पेपर वाचत बसले.

१२ जाने., सोम.
पुस्तक ४० पानं. ती मोठी झाल्यावर हॉटेलात वाजवायला जायची. आत जायचं स्वयंपाकघराच्या दाराने. वाजवून झालं की त्याच दाराने बाहेर, जेवण गाडीत बसून. ऐकणारे टाळ्या वाजवायचे आणि त्यांच्यातल्या कुणालाच ते दार दिसायचं नाही. असं कसं दिसत नाही? तिकडचे लोक शिकलेले म्हणायचे.

व्याख्या पाठ: जन्मावरून किंवा वर्णावरून माणसाला उच्च-नीच मानणे व तसे वागवणे म्हणजे वंशवाद. तीनदा लिहिली, पाठकोऱ्या कागदावर.

१४ जाने., बुध. संक्रांत, त्यातच एकादशी
तीळ उपासाला चालतात की नाही यावर बिल्डिंगमध्ये दोन पक्ष. मी लाडू केले, खाणार उद्या.

पेटीचा मध्यम दाबला की वर यायला वेळ लावतो. नवं काम आहे, बसेल.

पुस्तक. ती अकरा वर्षांची असताना चर्चमधली वाजवणारी बाई आजारी पडते, ही त्या दिवशी सगळं वाजवते. सगळे कौतुक करतात. घरी निघते, स्कार्फ राहिला म्हणून परत आत जाते. एक बाई ओल्या फडक्याने पियानोची एकेक पट्टी पुसत असते. चांगली बाई, दर रविवारी हिला खाऊ देणारी. हिला बघून हसते आणि पुसत राहते.

इथे मिटून ठेवलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीची पार पेज झाली.

२२ जाने., गुरु. गणेश जयंती
देवळात कार्यक्रम. तिसऱ्याच भजनाला मध्यम दाबला तो खालीच राहिला. बोट काढलं तरी सूर चालू. भाता थांबवला की बंद, हलवला की पुन्हा सुरू. टाळवाली प्रमिला कानाशी म्हणाली, "बॅटरीवर घेतलीस का गं?" मला हसू येईना. पुढचं सगळं नुसत्या टाळांवर.

नंतर प्रसादाच्या वेळी माई म्हणाल्या, "देवाची पेटी म्हटल्यावर ते मन लावून कशाला करतील? आपल्यातला कारागीर बघायला हवा होता." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

संध्याकाळी माईंनी या भागातल्या सगळ्या मंडळांच्या ग्रुपवर टाकलं, "दस्तगीर पेटीवाले यांच्याकडे कुणीही पेटी देऊ नये. आमचा अनुभव अत्यंत वाईट." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. त्यातला एक नमस्कार माझा. सवयीने दाबला गेला असं लिहिणार होते. पण सवय असली तरी बोट माझंच.

२४ जाने., शनि.
क्लासमध्ये चाचणी. प्र. ३: वंशवाद स्पष्ट करा व स्वतःच्या पाहण्यातील उदाहरण लिहा. व्याख्या लिहिली. अमेरिका लिहिली. खालची जागा सोडली.

२७ जाने., मंगळ.
पेटी घेऊन स्वतः गेले. माईंचा निरोप होता, "परत नीट करून मागा, फुकट, आणि मग त्याचं तोंड बघायचं नाही." यांना नेलं नाही.

दस्तगीरभाईंचं दुकान म्हणजे एक खोली, भिंतीला पेट्यांचे सांगाडे. वय माझ्याहून थोडं जास्त. पेटी पाहिल्यावर उठले, चपला बाहेर काढल्या, हात धुतले, मग बसले. म्हणाले, "मंडळाची आहे ना." मी काही विचारलं नव्हतं.

झाकण काढून वास घेतला.
"ताई, आत पाणी गेलंय."
"हवा दमट आहे ना जरा."
"जानेवारीत?"
एवढंच. आवाज चढवला नाही की काही नाही.

मग खालची फळी उघडून दाखवली. पितळी सुरांवर हिरवं. सगळ्यांवर, ओळीने, एकेक ठिपका. लाकूड फुगून मध्यमाची पट्टी अडकलेली. ते हिरवं मला कुणी समजावून सांगायला नको. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं. आईनं फ्रॉकमध्ये असताना शिकवलेलं. पितळ आहे आत, हे मला माहीत होतं. वाटीत काय आहे तेही माहीत होतं.

ते कानस शोधत म्हणाले, "बरीच मंडळं शिंपडतात. वडिलांच्या वेळेपासून बघतोय. त्याचं काही नाही. फक्त वरून शिंपडत जा, ताई. सुरांवर नको."

वर बघितलं नाही त्यांनी. बघितलं असतं तर मी कुठे बघितलं असतं?

निघताना म्हणाले, "दोन मंडळं अर्धं काम टाकून पेट्या घेऊन गेली परवा. तिसऱ्यांचा फोन आलाय. आमचं वर्ष मंडळांवरच चालतं. काय झालंय, तुमच्या कानावर काही?"
"नाही बाई," म्हटलं.

बसमध्ये जागा मिळाली. वारज्यापर्यंत जप केला. माळ कितीदा झाली ते आठवत नाही.

३० जाने., शुक्र.
वह्या मिळाल्या. कोऱ्या जागेभोवती मॅडमनी लाल चौकट केलीय. "काकू, तुम्ही तर समासातही लिहिता, मग इथे एवढी जागा कशी सोडलीत?"
म्हटलं, आपल्याकडे काळे-गोरे नाहीत ना.
"लग्नाच्या जाहिराती वाचता की नाही?" वर्ग हसला, मीही. मग जवळ येऊन हळू म्हणाल्या, "रंगच लागतो असं नाही, काकू. हात लागला की पुरतं कधीकधी." त्यांना पेटीचं काही माहीत नाही. माहीत असायचं कारण नाही. त्यांच्या पाहण्यातलं काहीतरी असेल. विचारायचं धाडस झालं नाही.

पुस्तक परत द्यायला काढलं तर म्हणाल्या, "राहू दे अजून तुमच्याकडे."

३ फेब्रु., मंगळ.
पेटी आणली. सूर एकेक काढून घासलेत. मध्यम सुटतो. दस्तगीरभाई जुजबी बोलले. तिसऱ्या मंडळाबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. भिंतीशी मागच्या वेळेपेक्षा जास्त जागा रिकामी होती.

५ फेब्रु., गुरु. संकष्टी
मंडळ आमच्याकडे. माई कंबरेला पट्टा बांधून आल्या, वाटी घरूनच भरून आणलेली. सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. "घे, कर शुद्ध."

मी म्हटलं, "माई, मागच्या वेळी मी झाकण काढून आत शिंपडलं होतं. पेटी त्याने बिघडली. त्यांच्या कामाने नाही."

मला वाटलं आता काहीतरी होणार.
माई म्हणाल्या, "अगं मग या वेळी झाकण लावून शिंपड."
"संपला की प्रश्न," प्रमिला. सगळ्या हसल्या, सुटल्यासारख्या.

तेच वाक्य. दुकानातलंच, जवळजवळ शब्दाला शब्द. दस्तगीरभाईंनीही तेच सांगितलं होतं आणि माईंनीही तेच. मग मला का लागलं ते अजून नीट सांगता येत नाही. त्यांनी सांगितलं कारण त्यांना दुसरं काही सांगता येत नव्हतं. माईंना येत होतं.

म्हटलं, "आणि ग्रुपवर टाकलंय त्याचं काय?"
"चुकून झालं ना? मग चारचौघांत कशाला उगाळायचं? तुझंच नाव खराब होईल. त्यांना काय, दुसरी गिऱ्हाइकं मिळतात."

वाटी तुळशीत ओतली. म्हटलं, दूर्वा सुकल्यात. खोटं. ताज्या होत्या. माईंनाही दिसत होतं. तशीच वाजवायला बसले. दर वेळी ठेवतात, पण आज माईंनी पेटीवर फूल ठेवलं नाही.

देवाला काय चालतं ते मला माहीत नाही. वाटी पहिल्यांदा भरली तेव्हा मी त्याला विचारलं नव्हतं, माईंना विचारलं होतं.

८ फेब्रु., रवि.
सकाळी पूजा झाल्यावर लिहायला बसले. आधी कागदावर. 'गोमूत्र' हा शब्द दोनदा खोडला, दोनदा घातला. शेवटी असं झालं:

"आमच्या मंडळाची पेटी दस्तगीरभाईंच्या कामामुळे बिघडली नाही. दुरुस्तीनंतर मी स्वतः झाकण उघडून सुरांवर गोमूत्राचं पाणी शिंपडलं, त्याने बिघडली. काम त्यांनी उत्तम केलं होतं. ज्यांनी पेट्या परत आणल्या त्यांनी कृपया विचार करावा." खाली नाव.

यांना दाखवलं. "'पाणी गेल्याने' एवढं पुरे की. तुझं नाव कशाला?"
"पाणी आपोआप गेलं का?"
चष्मा काढला, पुसला. "'उत्तम'चा त जोडून लिही," म्हणाले, आणि कागद परत दिला.

११.१० ला पाठवलं. फोन देवाजवळ पालथा ठेवून भाजी निवडली. दुपारपर्यंत एकही नमस्कार नाही. संध्याकाळी एका अनोळखी नंबरावरून वेगळा मेसेज: "पत्ता द्या त्यांचा." कशाला, ते लिहिलेलं नाही. दिला. माईंचा फोन नाही.

वहीतली मॅडमची लाल चौकट भरली. जागा पुरली नाही, समासात गेले.

१२ फेब्रु., गुरु.
परीक्षा सुरू झाली. पहिला पेपर बरा गेला. समाजशास्त्राला वेळ आहे.

आज मंडळ. दर गुरुवारी ११ पर्यंत "येतोय ना?" असा माईंचा मेसेज असतो. आज नाही. प्रमिलाला फोन केला, लागला नाही. तरी सतरंजी घातली, टाळ मांडले, पेटी मधोमध. हे म्हणाले, "कुणी नाही आलं तर मी बसतो, पण मला टाळ धरता येत नाही."

४ ची वेळ. आता सव्वाचार. दोन ओळी एकटीने वाजवून पाहिल्या. सूर लागलेत छान.

गेट वाजलं. दाराशी चपला काढतंय कुणीतरी. एक जोड की दोन, उठून बघते.