ऑर्कुटवर गोंडपिपरीचे दात

५ ऑगस्ट २००८
...आणि म्हणूनच मी ताईले म्हटलं, पॅम्प्लेट वाटणं आता आउटडेटेड. जमाना ऑर्कुटचा आहे. मंजुषाताईनं बीडीएस केलं, गोंडपिपरीच्या बसस्टँडसमोर दातांचं क्लिनिक टाकलं, दोन महिने झाले, पेशंट नाई. लोकं येतात ते एसटीचा टाइम विचाराले. बाबा म्हणे, पोळ्यापर्यंत पाहतो. नाई जमलं तर खोली सोडायची अन् ताईनं नागपूरले कोणाच्या तरी दवाखान्यात नोकरी धरायची. ताई पेशंटची खुर्ची पुसत राह्यली. रोज पुसते. मी म्हटलं, डोंट वरी, पब्लिसिटी माझ्याकडं. ती म्हणे, प्रफुल, तुझ्याकडं आहे म्हणूनच वरी.

७ ऑगस्ट
रईसभाऊच्या सायबर कॅफेत कम्युनिटी उघडली. 'स्माइल गोंडपिपरी'. पहिली पोस्ट : खर्रा खाऊ नका. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेल्या त्या पुडीनं तोंडाची काय वाट लागते, पूर्ण इंग्लिशमध्ये, पॉइंटवाइज, दोन पानं. लिहिता लिहिता रईसभाऊनं खर्रा पुढं केला. घेतला. सब्जेक्ट आतून माहीत पाहिजे, नाई तर रिसर्च अधुरा राह्यते. माझा तर बारावीपासून चालू आहे.

११ ऑगस्ट
दिवसभर लोडशेडिंग. क्रांती थांबली.

१४ ऑगस्ट
एकेचाळीस मेंबर! बरेचसे ब्राझीलचे. एकानं विचारलं, हा खर्रा कुठी मिळते. इंटरनॅशनल इंटरेस्ट! ताईले सांगितलं. ती म्हणे, ब्राझीलहून गोंडपिपरीले कोणती एसटी येते?
जेलस.

१८ ऑगस्ट
नवीन पोस्ट : खर्र्यानं तोंड आवळलं का ते पाहाची तीन बोटांची टेस्ट. ताईच्या पुस्तकातून उचलली. तीन बोटं जोडून तोंडात उभी घालायची. गेली तर ठीक, नाई गेली तर डेंटिस्टकडं पळायचं. आधी स्वतःवर ट्राय केली. दोन गेली. माझी बोटं जाड आहेत, टायपिंगनं होते तसं. पोस्टमध्ये 'दोन ते तीन बोटं' असं केलं. सायन्समध्ये थोडी मार्जिन लागते.

२१ ऑगस्ट
घरची भाजी अचानक फार तिखट होऊन राह्यली. तोंडाची आग आग. आईले म्हटलं, मसाला बदल. आई म्हणे, मसाला तोच आहे, तुले काय झालं ते पाह्य. आपली चूक मान्य करणं या घरात कोणाले जमत नाई.

२५ ऑगस्ट
पोळ्याले पाच दिवस. मेंबर पंचावन्न, पेशंट शून्य. बाबांनी घरमालकाले सांगून टाकलं, खोली रिकामी होईन. ताई अवजारं डब्यात भरत होती. मले पाहून हसली. ते हसणं काही बरं नाई वाटलं.
डिसिजन : फील्डवर्क. उद्या बैलबाजार. लोकांच्या दातांचे फोटो काढायचे, ऑर्कुटवर टाकायचे. ताईलेही नेतो.

२६ ऑगस्ट, संध्याकाळ
काय झालं ते शांतपणे लिहितो.
दलाल वारलूभाऊ गिऱ्हाइकाले वय पटवाले बैलाचं तोंड उघडून दात दाखवून राह्यले होते. हा चारदाती, तो सहादाती. मी चान्स साधला. म्हटलं, भाऊ, बैलाचे दात पाहता, स्वतःचे पाह्यले का कधी? गर्दी थांबली. परफेक्ट ऑडियन्स. वारलूभाऊ म्हणे, आधी तुझे दाखव ना बापू, तू कितीदाती? अन् धरला ना माझा जबडा, बैलाचा धरते तसाच. म्हणे, आ कर. केलं. म्हणे, अजून कर. म्हटलं, एवढंच होते. म्हणे, अबे, हे तर अर्धंच उघडते! याले चारा कुठून घालायचा?
सारा बाजार हसला. मागून एकानं भाव विचारला.
ताई नाई हसली. पुढं आली, सगळ्यांसमोर म्हणे, बोटं घाल. दोन गेली. टायपिंगचं एक्सप्लेनेशन द्यायचं होतं, पण तोंडात बोटं होती. तिनं विचारलं, कवापासून खाऊन राह्यला रे? मी म्हणणार होतो, काय? तेवढ्यात रईसभाऊ, जे फुकटात बाजार पाहाले आले होते, म्हणे, मॅडम, बारावीपासून. रोजच्या दोन पुड्या.
गद्दार.
मग वारलूभाऊनं हसता हसता चुपचाप स्वतःची बोटं घालून पाह्यली. दोनच. हसणं बंद. मग त्याच्या बाजूच्यानं. मग त्याच्या बाजूच्यानं. अख्खा बैलबाजार तोंडात बोटं घालून उभा. बैलच तेवढे नॉर्मल.
फोटो काढायचा राह्यला.

२८ ऑगस्ट
क्लिनिकसमोर लाइन. ताईले खुर्ची पुसाले टाइम नाई. लोकं दारातूनच विचारतात, तो अर्ध्या तोंडाचा पोट्टा इथलाच ना? वारलूभाऊचा नंबर पहिला होता. बाबांनी घरमालकाले निरोप धाडला, खोली राहू द्या.

३१ ऑगस्ट, तान्हा पोळा
ताई म्हणे, बंद झालेलं तोंड पहिल्यासारखं उघडीन याची गॅरंटी नाई. खर्रा सोडला तर बिघडणं इथंच थांबीन. हे सांगताना तिनं माझ्याकडं पाह्यलं नाई, पुन्हा खुर्चीच पुसाले लागली. मग मीही जोक नाई केला.
ट्रीटमेंट : तोंड ताणाले आइस्क्रीमच्या काड्यांची थप्पी दातांत धरून बसायचं. घरी बसू देत नाई. क्लिनिकच्या पायरीवर बसवते. म्हणे, बोर्डाचा खर्च वाचला. आज लेकरं लाकडी बैल ओढत आले अन् माझ्यासमोरच थांबले. शेजारच्या वच्छलाबाईनं आपल्या पोराले दाखवलं, पाह्य, खर्रा खाशीन तर असा बसशीन. झालं. माझी दोन पानं तिनं एका वाक्यात संपवली.
दुपारी कॅफेत गेलो, फक्त कम्युनिटी पाहाले. रईसभाऊनं दारातूनच हाकललं. ताईनं सांगून ठेवलं म्हणे.
'स्माइल गोंडपिपरी'त मी सोडून गोंडपिपरीचा अजून एकही मेंबर नाई. पण बाजारात जायची आयडिया माझी होती, अन् तोंडही माझंच होतं. म्हणजे कॅम्पेन माझंच सक्सेस झालं ना? का थोडं क्रेडिट वारलूभाऊले द्यायचं? तुमाले काय वाटते?