लाल सोडा नक्की कुणाचा

४ मार्च, दुपारी ४.२०
झालेला अन्याय ताबडतोब नोंदवून ठेवते. विहीणबाई आल्या. येताना वाटेत आमच्या गावी उतरून लाल सोड्याच्या तीन बाटल्या घेऊन आल्या. ज्या गावात माझा जन्म गेला आणि जे मी मुलाच्या आग्रहाखातर सोडलं, तिथला सोडा त्यांनी माझ्याच मुलाच्या घरात मला पाहुणीसारखा पेल्यात ओतून दिला! नात त्यांच्या मांडीवर चढून म्हणाली, नानीचा सोडा बेस्ट. मी शांतपणे सांगितलं की तो आजीचा सोडा आहे. तर म्हणे, मग तू कधी का नाही आणलास?
मुलगा हसला. सून जास्त हसली. माझा पेला मी सिंकमध्ये ओतला. निषेध म्हणून.

५ मार्च
विहीणबाईंचा मुक्काम महिनाभर. गुडघ्यांना आराम हवा म्हणे. नातीच्या मागे जिना मात्र धावत चढतात.
मत्सर हे पाप आहे असं शाळेत सिस्टर सांगायच्या. मी मत्सर करत नाही. मी फक्त बघते.

६ मार्च
बहीण अजून गावीच असते. तिला फोन करून सोड्याचा अख्खा क्रेट बसने पाठवायला सांगितलं. म्हणाली, तुला गं कशाला? शाळेत असताना आम्ही दुकानापाशी उभ्या राहून प्यायचो, तेव्हा तू नाक मुरडून पुढे निघून जायचीस. बिचारीची स्मरणशक्ती गेली. वाद घातला नाही.

९ मार्च, सकाळ
क्रेट आला. आज चार वाजता सगळ्यांसमोर मी स्वतः सोडा फोडणार. बाटलीच्या गळ्यातली गोटी आत कशी ढकलायची, हे नातीला अस्सल माणसाकडून कळलेलं बरं. विहीणबाईंना मागची खुर्ची.

९ मार्च, संध्याकाळ
गोटी हलली नाही. अंगठा लावला, चमच्याची दांडी लावली. आमच्याकडे सोडा दुकानदार फोडून देतो, गिऱ्हाईक नाही. पण हे सांगायला कुणी थांबलं तर ना! विहीणबाई म्हणाल्या, अहो ताई, आणा इकडे. एका अंगठ्यात फस्स. नातीने टाळ्या वाजवल्या.
पहिला घोट मी ऐटीत घेतला. तो नाकातून परत आला. खोकला थांबेना. विहीणबाईंनी माझी पाठ चोळली, हे सगळ्यात वाईट. नातीने विचारलं, आजी, तुला आवडत नाही का? मी म्हटलं, जीव की प्राण! आणि सिद्ध करायला दुसरी बाटलीही संपवली.

१० मार्च
घसा बसला. ढेकरा चालू.

१४ मार्च
विहीणबाईंच्या घरून बोलावणं आलं, आज निघाल्या. नात दाराशी धाय मोकलून रडली. मी सोडा पुढे केला. म्हणाली, नको, नानी आली की पिऊ.
मी आता कुठेच जायची नाही, त्यामुळे माझ्यासाठी ती कितपत रडेल याचा अंदाज घ्यायला मार्ग नाही. म्हणून तिला कागद-पेन्सिल दिली आहे. प्रश्न सोपा आहे: आजी जास्त आवडते की नानी? लेखी उत्तर रविवारी सकाळी नऊच्या आत माझ्या हातात हवं. सबबी चालणार नाहीत.
ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल.
दोघी असं लिहिलं तरी चालेल.