लिंबाचे शेंडे

श्री

बोरवाडी, ता. कन्नड
३० ऑगस्ट १९५८

चि. सौ. वच्छलास नानाचे पोटभर आशीर्वाद.

औरंगाबादेस सुखरूप पोचलीस का, धाकटीचा गोवर पुरता उतरला का, दोन ओळी टाकायला काय हात मोडला? पंचमीला माहेरी आलीस अन् पोरीच्या उशाशीच बसून राहिलीस. झोकासुद्धा खेळली नाहीस. तुझ्या वहिनीला त्याची चुटपुट लागलीय.

इथं वाईट झालंय. शाळेमागच्या गायरानात गावानं कडुलिंबाची रोपं लावली होती, कमरेएवढी झाली होती. सातांचे शेंडे कुणीतरी मोडले. झाडांचं एक वेळ जाऊ दे. रझाकारीत ह्या गावात शेजाऱ्यानं शेजाऱ्याची चुगली केली, तेव्हापासून कुणाचा कुणावर भरवसा नाही. म्हणून तर यंदा खंडोबाच्या देवळात सगळ्या उंबऱ्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली, की झाडाला हात लावणार नाही. लावलाच तर चावडीवर येऊन आपल्या तोंडानं सांगू. राखणदार नको, पोलीस नको. पहिला भंडारा मी उचलला. आता शेंडे मोडून दहा दिवस झाले, एकही पुढं येत नाही.

माझा शक मेंढरंवाल्या केरबावर आहे. पुन्हा भंडारा उचल म्हटलं तर नाय म्हणाला. दुसऱ्यांदा उचलला तर पहिला खोटा ठरतो म्हणे! कर नाही त्याला डर कशाला?

धाकटीला पापा. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझा नाना


औरंगाबाद
७ सप्टेंबर

ती. स्व. नानास लहान वच्छलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

धाकटी बरी आहे. घरभर रांगते, भरला तांब्या पालथा करते. हे कचेरीतून आले की तिलाच घेऊन बसतात.

केरबाचं वाचून बरं वाटलं नाही. नाना, शेंडे खाल्लेले होते की मोडलेले? मेंढरू ओरबाडून खातं. तुम्हा शेतकऱ्याला मी काय सांगावं! अन् दुसरा भंडारा उचलला नाही म्हणजे चोर, हा कुठला कायदा? रझाकारीत त्यानंच आपल्या आईला आठ दिवस मेंढरांच्या वाड्यावर लपवून ठेवलं होतं, विसरलात का?

शक फार वाढवू नका. वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वच्छला


बोरवाडी
१५ सप्टेंबर

चि. सौ. वच्छलास आशीर्वाद.

शेंडे हातानंच मोडलेले होते. मग केरबाला काय हात नाहीत? तू तिथं बसून त्याची लई वकिली करतेस. एवढा पुळका कशाचा?

गावाचं तर विचारूच नको. आवडाबाई म्हणते, फकिराच्या अंगणात लिंबाचा पाला दिसला. फकिरा म्हणतो, तिच्याच चुलीत ओली काडी धुपत होती. परवा मी स्वतः कडूबाचा उकिरडा काठीनं उकरून पाहिला. मागं वळतो तर कडूबा माझ्याकडं बघत उभा! लाज वाटली, पण शक काही जाईना.

काल चावडीवर फैसला झाला. केरबाची मेंढरं खतासाठी कुणी आपल्या रानात बसवायची नाहीत अन् त्यानं दसऱ्याआधी गाव सोडायचं. तीस वर्षं झाली त्याला इथं. त्याची बायको मंजुळाबाई तुझ्या वहिनीपाशी येऊन रडली. मी घरातून बाहेर आलो नाही.

तब्येतीस जप, अन् भावाची आठवण ठेव.

नाना


औरंगाबाद
२० सप्टेंबर

ती. स्व. नानास वच्छलाचा शि. सा. नमस्कार.

नाना, बसून वाचा. शेंडे मी मोडले.

पंचमीच्या संध्याकाळी पोर तापानं फणफणली होती. आई म्हणाली, उशाला अन् दाराला लिंबाचा पाला हवा. थोरला लिंब ओढ्यापल्याड, अन् ओढा भरून चाललेला. मी शाळेमागं गेले, कुंपणाच्या काट्या सारल्या अन् पदरात शेंडे भरून आणले. भंडाऱ्याचं मला ठाऊक होतं, खोटं लिहीत नाही. पण मनात आलं, तो गावाचा भंडारा. मी दिल्या घरची, माहेरच्या शपथेत मी कुठं बसते?

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच सांगायचं होतं. भ्याले. केरबाची बाजू घेतली, पण आपलं नाव घेतलं नाही. अन् नाना, तीन दिवस तो पाला तुमच्याच दाराला टांगलेला होता. दुसऱ्यांच्या चुली हुंगत फिरलात, आपलं दार कसं दिसलं नाही?

हे पत्र चावडीवर वाचा. केरबाला थांबवा. मग मला काय बोलायचं ते बोला, पण टाकू नका.

वच्छला


बोरवाडी
२६ सप्टेंबर

चि. सौ. वच्छलास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं अन् चुलीत घातलं.

तू दिल्या घरची, हे तूच लिहिलंस अन् ते खरंच आहे. शपथ गावानं घेतली, तुझं नाव निघायचं कारण नाही. सासरी कळलं तर जन्मभर टोचून खातील. अन् माझं काय? पहिला भंडारा उचलणाऱ्याच्याच दाराला पाला! मी चावडीवर कोणत्या तोंडानं बसू?

तुझ्यापाशी काय लपवू. पाला मला दिसला होता. मनाला चाटून गेलं होतं. विचारलं नाही. कुणीतरी दुसराच निघावा, असं वाटत होतं.

केरबा ६ तारखेला, सोमवारी, पैठणकडं निघतोय. त्याला गुपचूप पोतंभर ज्वारी धाडतो. आता हा विषय बंद. ह्यात तुझं भलं आहे, ऐक माझं.

नाना


कार्ड
औरंगाबाद
३० सप्टेंबर

ती. स्व. नानास, अन् कार्ड वाचणाऱ्या मास्तरांस नमस्कार वि. वि.

नाना, पाकीट तुमच्या हाती पडतं. कार्ड टपालाचे मास्तर पारावर मोठ्यानं वाचतात. म्हणून मुद्दाम कार्ड लिहिते. मास्तर, एक अक्षर गाळू नका.

लिंबाचे सातही शेंडे मी, नानासाहेबांची बहीण वच्छला हिनं, मोडले. पाला आमच्याच घरी वापरला. केरबानं काही केलेलं नाही. केरबाभाऊ, मंजुळाबाई, माझं चुकलं. मी येईस्तोवर बिऱ्हाड हलवू नका. शनिवारच्या मोटारीनं येते अन् चावडीवर उभी राहून हेच सांगते.

ह्यांना सारं सांगितलं. आज हे कार्ड त्यांनीच आणून दिलं.

नाना, राग धरा, पण माहेर तोडू नका. माझ्या वाटचं मी सांगितलं. तुमच्या वाटचं तुम्ही सांगा.

तुमचीच,
वच्छला