नव्या बुटांनी चढवलेला आकडा

घरच्या सरकारास दुरून मुजरा,

तपासण्यांसाठी इथे शहरात राहिलो असलो, तरी मी बरा आहे. ऑपरेशनची जखम सुकली, भूकही लागते.

मागच्या रिपोर्टात रक्तातला सूज दाखवणारा आकडा चढला होता. दुखणं उलटेल का, याचा अंदाज त्यावरून बांधतात म्हणे. मला वाटलं, आलंच परत. पण डॉक्टरीणबाई रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणाल्या, "काका, लंगडताय का? बूट काढा बघू." तू हौसेने घेतलेल्या बुटांनी टाच सोलून पिकली होती! बाईंनी स्वतः खाली बसून ती धुतली. टाच बरी झाली, तसा आकडाही उतरला. काय नजर म्हणावी!

"रक्त इशारा देतं, निकाल नाही," असं त्या सांगतात. म्हणून पुढच्या तपासण्या काही टळत नाहीत. तुला झोप लागते ना?

बाई 'लिंगाचा कॅन्सर' हे शब्द सर्दी-खोकल्यासारखे सहज उच्चारतात. शेजाऱ्यांना तू पोटाचं ऑपरेशन सांगितलंस, ते असू दे. आपल्या मुलाला मात्र खरं नाव सांग. लाजेपायी उशीर करणारा घरात एकच पुरे.

तुझाच,
सध्या चपला घालणारा