जॅकवर चढलेली गाडी आणि जमिनीवर आलेला वक्ता

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार, आणि या खेपेस तो नुसता कागदावरचा नाही. तुमच्या बंद गॅरेजच्या तेलकट फरशीवर बसूनच हे लिहितो आहे. गुडघा कसा आहे? लेकीकडे करमतं ना? (करमत नसावं, अशी मनापासून इच्छा आहे. का, ते पुढे येईलच.)

गॅरेजला चाळीस वर्षं झाली म्हणून तुम्ही मला चार शब्द बोलायला सांगितलंत. माईक हातात आला की माझं काय होतं, हे तुम्ही जाणताच. पाना-पकडीचं युग संपलं, विजेच्या गाडीला ना धूर ना आवाज, मग मेकॅनिकने ऐकायचं तरी काय, असं मी गरजलो. टाळ्या पडल्या. तुम्हीही वाजवल्यात. आणि दुसऱ्याच दिवशी महिनाअखेर जागा सोडतो म्हणून मालकाला कळवून, शटर ओढून निघून गेलात! मामा, माझ्या भाषणाचा कुणावर परिणाम होण्याची ही पहिलीच वेळ, आणि तो नेमका तुमच्यावर व्हावा?

आठवड्याभरात माझीच विजेची गाडी घरघरू लागली. कंपनीच्या वर्कशॉपात तीनदा नेली. तिथे (इस्पितळाला लाजवील अशा खोलीत) तिला कॉम्प्युटर जोडला. तिन्ही वेळा त्याने 'दोष नाही' असं लिहून दिलं. शेवटी मामीकडे गॅरेजची किल्ली मागितली, तर ती स्वतःच आली. मागचं चाक उचलायला लावलं, खिळ्यावरचा तुमचा हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक चाकामागे टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाली, "फिरव चाक. आणि तोंड बंद ठेव, म्हणजे काहीतरी ऐकू येईल."

मी चाक फिरवलं, तशी ती म्हणाली, "बेअरिंग गेलंय. वीज असो नाहीतर पेट्रोल, चाक गोलच ना रे?"

मग मलाही ऐकवलं. वाळू भरडावी तशी खरखर! मामा, मी कपाटंच्या कपाटं वाचली, पण तुम्ही चाळीस वर्षं कानाने काय वाचत होता, ते त्या दिवशी कळलं. म्हणून तिथेच गरजलो: इंजिन जाईल, पण चाक, ब्रेक, सस्पेन्शन कुठे जाणार? उरली वीज, ती शिकता येते. असा कान कुठल्या कारखान्यात मिळत नाही! मामी म्हणाली, "मला कशाला सांगतोस? त्यांना लिही."

तुमचा, सध्या तोंड बंद ठेवायला शिकणारा,
भाचा

ता.क. : बेअरिंग बदलायला मामी तयार नाही. "ऐकायचं मला येतं, खोलायचं काम यांचं." जॅकची दांडी तिने कुलपात ठेवली आहे. गाडी अधांतरी, मी पायी. महिनाअखेरीच्या आत या.

ता.क. दुसरा : विजेच्या गाड्या दुरुस्त करायच्या वर्गात मामीने आपल्या तिघांची नावं घातली. फॉर्मवर 'अनुभव' असा रकाना आहे. स्वतःपुढे तिने लिहिलं, 'चाळीस वर्षं ऐकते आहे.' माझ्यापुढे, 'बोलतो.' तुमचा रकाना तिने कोरा ठेवलाय. म्हणाली, "त्यांचं ते येऊन भरतील."